उशी काढून घेणारी

भाजलेला पेशंट वॉर्डात आला की मी आधी त्याच्या जखमेकडं बघत नाही, नाकाकडं बघते. नव्यानं आलेल्या नर्स मुलींना हे चमत्कारिक वाटतं. पण नाकातले केस जळाले असतील, थुंकीत काजळी असेल, आवाज बसला असेल, तर धूर आत गेलेला असतो आणि घसा सुजून श्वास बंद पडायला वेळ लागत नाही. कातडीची जखम थोडी वाट बघते. श्वास बघत नाही.

ती बाई आली तेव्हाही मी तेच केलं. घनसावंगीकडच्या एका खेड्यातून तिला जीपच्या मागच्या सीटवर आडवी टाकून आमच्या जालन्याच्या दवाखान्यात आणलं होतं. वेचणीचे दिवस होते, नवऱ्याच्या सदऱ्याला अजून कापसाचे तंतू चिकटलेले होते. बाईचं वय तिशीच्या आसपास. गळा, छातीचा वरचा भाग, उजवा खांदा आणि काखेपासून कोपरापर्यंत हात भाजलेला. मी तिला नाव विचारलं, गाव विचारलं. आवाज साफ आला. नाकात काही नव्हतं. मग मी पुढच्या कामाला लागले.

सूज यायच्या आधी अंगावरचं सगळं काढावं लागतं. बांगड्या निघाल्या, जोडवी निघाली. मंगळसूत्र मात्र गळ्याला चिकटून बसलं होतं. मी कात्री घेतली तेव्हा नवरा चाचरला. ते राहू दिलं तर चालणार नाही का, असं त्यानं विचारलं. त्याच्या मागून एक बाई म्हणाली, "कापा. माणूस ऱ्हायलं तर मंगळसूत्र."

मी कापलं. कुणीतरी घाईघाईनं जखमेवर टूथपेस्ट थापली होती, ती सलाइनच्या पाण्यानं धुऊन काढली. मग अंदाज घेतला. पेशंटचा स्वतःचा पंजा, बोटांसकट, म्हणजे साधारण एक टक्का अंग. तिचा पंजा मनातल्या मनात तिच्याच अंगावर ठेवत गेले. अठराच्या आसपास भरलं. नंतर डॉक्टरांनी वीस धरलं. हातमोज्यातलं बोट हळूच दाबून बघितलं. खांद्यावर ती कळवळली, आणि दाबलेली जागा पांढरी होऊन पुन्हा लाल झाली. हनुवटीच्या खाली मात्र कातडी फिकट आणि चामड्यासारखी ताठ होती, तिथं तिला काहीच कळलं नाही. नातेवाइकांना वाटतं, दुखत नाही म्हणजे बरं आहे. आम्हाला तिथलीच काळजी जास्त असते.

सलाइन किती आणि किती वेगानं द्यायचं ते भाजल्याच्या वेळेपासून मोजतात, दवाखान्यात आल्याच्या वेळेपासून नाही. म्हणून मी विचारलं, कधी भाजलं? नवरा म्हणाला, सकाळी. सकाळी म्हणजे केव्हा, ते त्याला सांगता येईना. तो शेतात होता.

तीच मागची बाई म्हणाली, "शाळेची गाडी दारावरून गेली आन तिच्या मागोमागच. म्हंजे साडेआठ. गाडी रोज बराबर येती."

मी वेळ लिहून घेतली आणि तिला विचारलं, तुम्ही पेशंटच्या कोण? ती म्हणाली, शेजारची. नवऱ्यानं खाली बघितलं.

पेशंटचे दागिने रुमालात बांधून मी त्या बाईकडं दिले. तिनं ते घेताना तळहात पुढं केले नाहीत, दोन्ही मनगटं जोडून त्यांच्यावर घेतले. मी तिचे हात धरून उलटे केले. तळव्यांवर टरटरून फोड आले होते. घडलं ते तिनं थोडक्यात सांगितलं. कापसाच्या ओल्या पऱ्हाट्या पेटत नव्हत्या म्हणून पेशंटनं पाण्याच्या इंजिनासाठी आणलेलं बाटलीतलं डिझेल चुलीत ओतलं. जाळ उसळला आणि पदरानं पेट घेतला, साडी नायलॉनची. हिनं भिंतीपलीकडून आवाज ऐकला, हौदाजवळचं ओलं गोणपाट उचलून धावली, आणि गोणपाट पुरेना तेव्हा हातांनी विझवलं. मी तिच्या हातांना मलम लावून पट्ट्या बांधल्या. तेवढा वेळ ती मला सांगत होती की मला कशाला, तिचं बघा.

ती शेजारची म्हणजे पेशंटची थोरली जाऊ आहे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. ते सांगितलं पेशंटच्या आईनं. ती परतूरकडून आली होती. दोन भावांच्या वाटणीत विहीर सामाईक राहिली होती, आणि पाण्याच्या पाळीवरून दोन्ही घरं बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हती. आई वॉर्डाच्या दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची की माझी लेक अशी पेटत नसते, त्या बाईनंच काहीतरी केलं असणार.

लग्न झालेली बाई भाजून आली की पोलीस जबाब घेतातच. त्यासाठी नातेवाइकांना बाहेर काढतात, डॉक्टर पेशंट शुद्धीवर आहे का ते बघतात. मी सलाइनपाशी होते. तिनं नीट सांगितलं की डिझेल मीच ओतलं. कुणी विझवलं, असं विचारल्यावर तिनं नजर वर पंख्याकडं वळवली. मग म्हणाली, शेजारची आली होती. जबाब लिहिणाऱ्या पोलीस साहेबांनी शेजारचीचं नाव विचारलं. तिनं जावेचं नाव आणि आडनाव सांगितलं. आडनाव तिचंच होतं. साहेबांनी मान वर करून तिच्याकडं बघितलं आणि तसंच लिहून घेतलं. मीही विचारलं नाही. पेशंटच्या घरात डोकावायचं नाही, हे मी फार आधी ठरवून टाकलं आहे. डोकावलं की मी पट्टी भीतभीत सोडवते, आणि भीतभीत सोडवलेली पट्टी जास्त दुखते.

आमच्या घरी उर्दू बोलतात, पण दुखणं ऐकायची सवय मला मराठीतच आहे. कुणी उर्दूत कण्हलं तर घरातलं कुणी कण्हतंय असं वाटून मी दचकते. अम्मी रोज विचारायची, आज कसे होते पेशंट? मी म्हणायची, ठीक. आणि भाजीत मीठ कमी आहे की जास्त ते सांगायची.

पहिले काही दिवस पाण्याचे आणि लघवीचे असतात. दर तासाला पिशवीत लघवी किती उतरली ते बघायचं. त्यावरून कळतं, अंगाला पाणी पुरतंय की नाही. ते दिवस तिनं चांगले काढले. खरा प्रश्न पुढं आला, आणि तो उशीचा होता.

गळा भाजलेल्या माणसाला उशी द्यायची नसते. उलट खांद्यांखाली चादरीची गुंडाळी ठेवतात, म्हणजे डोकं मागं पडतं आणि गळा ताणलेला राहतो. हातही अंगापासून लांब, आडवा पसरून ठेवावा लागतो. भाजलेली कातडी भरून येताना आवळत जाते. मान खाली ठेवली तर ती तशीच भरते, आणि हनुवटी छातीकडं ओढली जाते. पण पेशंटला मान खाली घेऊनच बरं वाटतं. ताण पडत नाही, आग कमी होते. ज्यात बरं वाटतं तेच पुढं माणसाला वाकडं करतं. हे पेशंटला सांगून पटत नाही. पटलं तरी सहन होत नाही.

ती उशी मागायची. आईला मागायची, नवऱ्याला मागायची. आईनं एक दिवस आपलं लुगडं घडी करून डोक्याखाली सारलं. मी काढलं. तिनं पुन्हा सारलं. मी तिला बाजूला घेऊन समजावलं, तर ती रडत म्हणाली की तुम्हाला लेक असती म्हणजे कळलं असतं. मला दोन आहेत, पण मी तसं म्हटलं नाही.

नवरा रोज संध्याकाळी कापूस आटोपून यायचा. त्याला बायकोचं मागं लटकलेलं डोकं बघवत नसे. एक दिवस तो नवीन जालन्यातून, स्टेशनजवळच्या दुकानातून, उशी घेऊन आला. गुबगुबीत, अभ्र्यावर लाल फुलं. मी तीही काढून कॉटखाली ठेवली आणि त्याला माझी स्वतःची मान वाकवून दाखवली की अशी होईल. तो हो म्हणाला. सकाळी मी ड्युटीवर आले तेव्हा ती त्या लाल फुलांवर झोपली होती, हनुवटी छातीला टेकवून, आणि कित्येक दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर आराम होता. मी उशी काढली, मान मागं घेतली. ती जोरात ओरडली. पापुद्रा धरलेली जखम एका जागी उकलली होती.

त्याच आठवड्यात आईला घरी जावं लागलं. तिचा नवरा अर्धांगानं पडून होता. घरातल्या बाकीच्या बाया वेचणीला. पेशंटजवळ थांबायला कुणी उरलं नाही. बायांच्या वॉर्डात पुरुषाला थांबू देत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं जाऊ आली. हातात कापडी पिशवी, तळव्यांवर नवी गुलाबी कातडी. तिला कुणी बोलावलं नव्हतं. नवऱ्यालाही ती इथं आल्यावरच कळलं.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. मान कशी ठेवायची, हात कसा, दिवसातून कितीदा खांद्यातून वर उचलायचा, दूध, डाळ, शेंगदाणे किती खायला घालायचे. ती मध्ये एकदाही हो म्हणाली नाही. शेवटी तिनं विचारलं, "उशी दिली तर नेमकं काय व्हईल?"

मी म्हटलं, मान वर करता येणार नाही. डोक्यावर पाटी घेता येणार नाही. तोंड नीट मिटणार नाही, लाळ गळेल.

"आन न्हाई दिली तर?"

"दुखेल. खूप दुखेल."

तिनं मान हलवली. कॉटखालची लाल फुलांची उशी ओढून काढली, फरशीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. त्यानंतर ती उठून पाणी आणायला गेली तरी उशी काखेत घेऊन जायची.

दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. हातभर अंतरावर होत्या, पण निरोप माझ्यामार्फत. पेशंट म्हणायची, सिस्टर, हिला सांगा माझी मान सोड. जाऊ म्हणायची, सिस्टर, तिला सांगा आधी हात वर कर. मी वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला असले तरी मला हाक यायची. दोन-तीन दिवस मी ते चालू दिलं. मग एकदा माझ्या हातात उघडी ड्रेसिंग असताना जावेनं हाक मारली की तिला विचारा, दूध गरम पाह्यजे का थंड. मी म्हटलं, मला इथं आणखी पेशंट आहेत. दुधाचं तुमचं तुम्ही बघा.

मी पट्टी गुंडाळत राहिले. मग पेशंटचा आवाज आला. "कोमट."

तिथून त्या बोलायला लागल्या. पण गोड बोलत होत्या असं नाही. पेशंट तिला शिव्या द्यायची. तू मला छळायलाच आली, विहिरीचा वचपा काढून राह्यली, असं म्हणायची. जाऊ म्हणायची, "व्हय. आता हात वर कर." आणि हात वर गेल्याशिवाय सोडायची नाही. खांद्याची कातडी ताणून पांढरी पडायची, पेशंटच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, आणि जाऊ खिडकीकडं बघत तो हात धरून उभी राहायची. त्यानंतर घास भरवायची. तो घासही रागारागातच जायचा, पण ताट रिकामं व्हायचं.

ड्रेसिंगच्या आधी आम्ही वेदनेचं इंजेक्शन देतो आणि ते अंगात भिनेपर्यंत थांबतो. तरी पट्टी ओली करून सोडवताना, मेलेली कातडी काढताना जे व्हायचं ते होतंच. नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगतात. एक दिवस पेशंट म्हणाली, तिला आत येऊ द्या. मी नियम सांगितला. मग डॉक्टरांना विचारून तिला टोपी-मास्क घालून आत घेतलं. पेशंटनं तिचं मनगट पकडलं. ड्रेसिंग संपली तेव्हा त्या मनगटावर नखांचे वळ उठले होते. जावेनं ते पदरानं झाकले.

नवऱ्याला हे सगळं पटत नव्हतं. एका संध्याकाळी तो आला तेव्हा बायको उशीसाठी रडत होती आणि जाऊ त्या उशीवर बसून शेंगा सोलत होती. तो चिडला. वहिनीला म्हणाला की तुम्ही घरी जा, आमचं आम्ही बघू, माणसाला माणूस म्हणून काही दयामाया असते की नाही. वॉर्डातल्या बाया आमच्याकडं बघायला लागल्या. मी मध्ये पडणार होते.

जाऊ उठली नाही. म्हणाली, "तुमची माया हाय तिच्यावर. तिच्या आईची हाय. म्हणून तुमच्यानं जमत न्हाई. माझी न्हाई, म्हणून मला जमतंय. मान सरळ झाली की जाते मी. बोलवलं तरी यायची न्हाई."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, त्या करताहेत ते बरोबर आहे. तो बाहेर जाऊन बाकावर बसला. पेशंटनं रडणं थांबवलं होतं. तिनं भिंतीकडं तोंड केलं, पण मान खाली घेतली नाही.

आठवड्यातून एकदा येणाऱ्या प्लास्टिक सर्जननी पुढं मांडीची कातडी काढून गळ्यावर लावली. लावलेली कातडी धरते की नाही ते पहिली पट्टी उघडेपर्यंत कळत नाही. त्या दिवशी जाऊ सकाळपासून जेवली नव्हती, हे मला शेजारच्या कॉटवरच्या बाईनं सांगितलं. पट्टी उघडली तेव्हा कातडी गुलाबी होती, एका कोपऱ्यात थोडी सुटलेली. धरलीय, असं मी बाहेर येऊन सांगितलं. ती बरं म्हणाली आणि पिशवीतली भाकरी काढून खायला बसली.

सुट्टी झाली तेव्हा मी दोघींना पुढचं सांगितलं. गळ्याला घट्ट पट्टा घालायचा, उन्हात जायचं नाही, वण मऊ पडावा म्हणून रोज खोबरेल लावून मालिश करायची, ओढणं थांबेपर्यंत. नवरा रिक्षा घेऊन आला होता. जाऊ त्या रिक्षात बसली नाही. मला बाजारात काम आहे म्हणाली आणि चालत निघाली. लाल फुलांची उशी ती वॉर्डातल्या दुसऱ्या एका बाईला देऊन गेली, जिची फक्त पावलं भाजली होती.

नंतरच्या तपासण्यांना नवरा-बायको यायचे. मान फिरत होती. हात डोक्यावर जात होता, अगदी कानाला लागेपर्यंत नाही, पण वेणी घालता येत होती. घरात आता गॅस आहे, चूल मोडून टाकली, असं तिनं सांगितलं. पाण्याच्या पाळीचं भांडण तहसीलपर्यंत गेल्याचं नवऱ्यानं सांगितलं. मी फक्त जखमेचं विचारत होते, पण त्यांना सांगायचं होतं.

वर्ष होत आलं तेव्हा ती एकदा जावेबरोबर आली. नवरा कुठल्याशा बियाणं कंपनीच्या शेतदिनाला गेला होता. जाऊ बाहेर बाकावर बसली, ती आत आली. मी गळ्यावरून बोट फिरवलं. वण सपाट झाला होता, मऊ, चिमटीत सहज येत होता. मी विचारलं, ओढतं का अजून? तिनं आधी दाराकडं बघितलं.

"न्हाई ओढत," ती हळू आवाजात म्हणाली. "कवाच थांबलंय. पण ती रोज सकाळी येती ना मालिशला. इकडची माणसं तिकडच्या माणसांशी बोलून न्हाई राह्यले, पण ती येती, तेल लावती, जाती. थांबलं म्हणलं तर यायची बंद व्हईल. म्हणून म्या ओढतं म्हणूनच सांगते. तुमी तिला सांगू नका."

मालिशनं नुकसान काही होत नाही. मी म्हटलं, चालू ठेवा.

ती औषधाच्या खिडकीकडं गेली तेव्हा जाऊ आत आली आणि दाराशीच उभी राहिली. अजून किती दिवस मालिश करायची, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, सध्या चालू राहू द्या.

ती म्हणाली, "मऊ पडलंय ते. माझ्या हाताला कळतंय. पण ती म्हणती ओढतंय." पिशवी खांद्याला अडकवत म्हणाली, "तर ओढत असंल."

मग तिनं बसची वेळ विचारली. घनसावंगीची गाडी लागायला अजून वेळ होता. मी तिला सांगितलं की स्टँडवर उन्हात थांबू नका, पेशंटच्या गळ्याला ऊन नको. ती म्हणाली, माहीत हाय. मी हात धुऊन पुढच्या ड्रेसिंगला गेले.